नळीत अडकलेला इरिडियम

अकोल्यात शिरल्यावर मी ड्रायव्हरला एका मेडिकलसमोर गाडी थांबवायला सांगितली. डोकं दुखतंय, गोळी घेते, असं म्हणून उतरले आणि गर्भ तपासायची पट्टी घेतली. ही खरेदी बडनेऱ्यात करणं शक्यच नव्हतं. आमच्याकडचा मेडिकलवाला माझ्या नवऱ्याबरोबर रेल्वेच्या मैदानावर क्रिकेट खेळायचा, आणि सासूबाई तर त्याच्या दुकानात रोज रक्तदाब मोजायला जायच्या. पट्टी पर्समध्ये खाली सारली आणि गाडीत येऊन बसले.

"भेटली का गोयी, मॅडम?" भाऊंनी विचारलं.

"भेटली."

भाऊ म्हणजे माझे सहकारी. मूर्तिजापूरचे, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, दोन मुलींचे बाप. त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे. अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. काम असं की लोखंडाच्या ओतीव वस्तू, बॉयलरचे जोड, पंपाची बॉडी अशा गोष्टींचे एक्स-रे काढायचे. बाहेरून वस्तू गुळगुळीत दिसते, पण ओतताना आत हवा राहून गेलेली असते, कुठे धातू आक्रसून पोकळी पडलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, फिल्मवर दिसते.

दवाखान्यात एक्स-रेचं मशीन असतं, त्याला बटण असतं. आमच्याकडे मशीन नव्हतं. आमच्याकडे इरिडियमचा एक तुकडा होता, तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. तो एका जड, जाड कवचाच्या पेटीत बंद असायचा. तिला आम्ही कॅमेरा म्हणायचो. कॅमेऱ्याला पुढच्या बाजूनं एक लवचीक नळी जोडायची, नळीचं टोक कास्टिंगपाशी, म्हणजे ओतीव वस्तूपाशी ठेवायचं, कास्टिंगच्या मागे फिल्म लावायची. मग लांब जाऊन हँडल फिरवलं की एका तारेच्या जोरावर तो दाणा पेटीतून निघून नळीच्या टोकाला जातो. फिल्मवर हवी तेवढी किरणं पडली की हँडल उलटं फिरवायचं आणि दाणा परत पेटीत. बाहेर असताना त्याच्याजवळ कोणी जायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आम्ही नेहमी सुटीच्या दिवशीच जायचो, म्हणजे आत कामगार नसत. मागच्या मोकळ्या आवारात दोऱ्या बांधून, लाल पाट्या लटकवून काम करायचं. त्या दिवशी पंपाच्या बॉड्या होत्या. दुपारपर्यंत बरंच काम उरकलं होतं. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. अमरावतीच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या होत्या आणि गेल्या वर्षभरात त्या विषयावर घरात बोलणंही बंद झालं होतं. आता महिना उलटून गेला होता. पर्समधली पट्टी सारखी आठवत होती. फाउंड्रीच्या ऑफिसात बाथरूम होतं. आत्ता जावं की घरी गेल्यावर पाहावं, हेच डोक्यात फिरत होतं. नसलं तर मग उरलेला दिवस काम कसं करायचं? असलं तर नियमाप्रमाणे त्याच क्षणी काम सोडावं लागणार. दर फिल्म लावताना मी ठरवत होते की ही झाली की जाते, आणि दर फिल्मनंतर पुढची लावत होते.

जेवणानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या फिल्मला ते घडलं. दाणा बाहेर होता. भाऊ हँडलपाशी होते, मी त्यांच्या मागे मीटर घेऊन उभी होते. मीटर म्हणजे किरणं मोजायचं यंत्र, किरणं जास्त असली की ते भराभर टकटक करतं. समोरून धप्प असा आवाज आला. ज्या लाकडी ठोकळ्यांवर कास्टिंग टेकवलं होतं, त्यातला एक चिरला आणि कास्टिंग लवंडलं. धूळ उडाली.

भाऊंनी लगेच हँडल उलटं फिरवायला घेतलं. थोडं फिरलं आणि अडलं. त्यांनी पुढे घेऊन परत मागे ओढलं. परत अडलं.

"नाई येऊन राह्यला," ते म्हणाले. "जोर लावू का?"

"नको भाऊ, तार तुटली तर मग काहीच हातात राहणार नाही."

त्यांनी हँडल सोडलं. आम्ही दोघं पावलं मोजल्यासारखं मागे मागे सरकत गेलो. मीटर टकटकतच होतं. एरवी दाणा आत गेला की ती टकटक एकदम मंदावायची, एखादा दुसरा ठोका उरायचा. त्या आवाजाची कानाला इतकी सवय होती की तो मंदावला नाही हे मीटरकडे बघायच्या आधीच कळलं.

मी अमरावतीला आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. शिक्षकांच्या घरातले, शुद्ध बोलणारे, शिस्तीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोणी जवळ गेलं का?"

"नाही सर."

"जाऊ नका. दोरी मागे घ्या. मी निघालो. मुंबईच्या नियामक मंडळाला मी कळवतो."

दोरी मागे घ्यायची म्हणजे किती, ते मीटर सांगणार होतं. रोज नळीच्या टोकाला शिशाचा एक तुकडा असायचा, त्यामुळे किरणं फक्त कास्टिंगच्या दिशेनं जायची. आता कास्टिंग पडताना नळी त्या तुकड्यातून निसटली होती. दाणा उघडा होता आणि किरणं चहूकडे जात होती. चौकीदाराला आणि ड्रायव्हरला गेटबाहेर काढलं, भाऊंना गेटवर उभं केलं आणि मी आवाराच्या मागच्या भिंतीकडे वळले. भिंतीपलीकडे शेत होतं, आणि शेतात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांचं बोलणं सकाळपासून ऐकू येत होतं.

लांबून वळसा घालून मी शेतात गेले. भिंतीलगतच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, चार-पाच जणी वाकून वेचत होत्या. मीटर अजून बोलत होतं. कमी, पण बोलत होतं.

"ताई, इकडून उठा. त्या धुऱ्याकडे चला सगळ्या," मी पलीकडच्या बांधाकडे हात करत म्हटलं.

त्यांच्यातली एक पुढे आली. शेत तिचंच होतं. कंबरेला कापसाची झोळी, डोक्याला शेला. "काहून वो? काय फुटलं कंपनीत? ग्यास हाय का?"

"ग्यास नाही. चला आधी, सांगतो तिकडे."

"आधी सांगा ना. अर्ध्या तासाचं काम हाय, पुरं करून मंग येतो."

माझा आवाज चढला. "नाही. आत्ता."

बाया चालायला लागल्या. मी चालता चालता तिला सांगितलं की दवाखान्यात जसा एक्स-रे काढतात तसा आम्ही लोखंडाचा काढतो, आणि किरणं सोडणारी वस्तू बाहेर अडकून बसली आहे.

"मंग बटन बंद करा त्याचं."

"त्याले बटन नाही."

ती थांबलीच. "बटन नाही म्हणजे? मंग आमी सकायपासून अठी वाकून हाओत, आमच्यात काय गेलं?"

मी तिला सांगितलं की सकाळपासून ती वस्तू पेटीतच होती, मधून मधून थोडा वेळ बाहेर यायची, तीही शिशाच्या आड. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. बसावा असं तिच्याजवळ काही नव्हतंही. ना वास, ना धूर, ना आवाज. मग मी मीटर तिच्या हातात दिलं. "हे धरा आणि चालत राहा. टकटक ऐका." धुऱ्याकडे जाता जाता ठोके विरळ होत गेले. धुऱ्यावरच्या बाभळीपाशी पोचलो तेव्हा क्वचित एखादा पडत होता. तेवढा तर कुठेही पडतो, घरात बसलं तरी पडतो. ती दोन पावलं परत भिंतीकडे गेली, ऐकलं, परत आली.

"कंपनीवाल्यानं आमाले सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

"हो. पाहिजे होतं," मी म्हटलं.

"वेचलेल्या कापसात काही राह्यते का मंग?"

"काहीच नाही. लाइट बंद केला की खोलीत उजेड राहतो का? तसंच आहे."

तिला ते पटलं असावं, कारण ती खाली बसली आणि तंबाखूची डबी काढली. मला मात्र बसवेना. मी धुऱ्यावरून येरझारा घालत होते. साहेबांना यायला दोन तास तरी लागणार होते. मध्ये भाऊंचा दोनदा फोन आला, गेटवर सगळं ठीक आहे म्हणून. नवऱ्याचा आला, संध्याकाळी कोणत्या गाडीनं येतेस म्हणून. मी म्हटलं, उशीर होईल, काम लांबलं. आवाज साधा ठेवला. फोन ठेवल्यावर हिशेब सुरू झाला, मी दाण्यापासून किती लांब होते, भिंतीलगत किती वेळ होते. खिशात पेन असतं, म्हणजे पेनासारखं दिसणारं किरण मोजायचं साधन. ते डोळ्याला लावून मी पुन्हा पुन्हा बघत होते. आतली रेघ जवळजवळ सुरुवातीलाच होती. पाच मिनिटांत ती कशी सरकणार? तरी मी बघत होते.

साहेब आले ते शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या, लांब चिमटे आणि एक दुर्बीण घेऊन. बायांना बाभळीपाशीच थांबायला सांगून मी गेटवर गेले. दुर्बिणीतून त्यांनी बराच वेळ पाहिलं. नळी एका जागी चेपली होती. बारीक तार त्यातून जात होती, तारेच्या टोकाचा दाणा जात नव्हता. कास्टिंग सुदैवानं नळीवरून पलीकडे लवंडलं होतं. साहेबांनी गाडीतून एक जुनी नळी काढली, दगडानं तशीच चेपली आणि गेटबाहेर फरशीवर ठेवली. मग आमच्याकडून तालीम करून घेतली. एकानं जायचं, पिशव्या दाण्यावर टाकायच्या, परत यायचं. दुसऱ्यानं पकड घेऊन जायचं, चेपलेली जागा आडवी धरून दाबायची म्हणजे ती परत गोल होते, आणि परत यायचं. मग हँडल.

"पिशव्या मी टाकतो," साहेब म्हणाले. "पकडीचं काम तुम्ही कराल. तुमचा हात हलका आहे. भाऊ हँडलवर."

तालमीत माझा हात खरंच पटकन बसला होता. मी पकड हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

"सर, दोन मिनिटं बोलायचं होतं."

आम्ही गाडीच्या मागे गेलो. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की वाक्य अर्धं इंग्रजीत म्हटलं, कारण ते शब्द मराठीत त्यांच्यासमोर उच्चारवेनात.

त्यांनी चष्मा काढला. "नक्की आहे?"

"माहीत नाही सर. अजून पाहिलं नाही. शक्यता आहे."

"शक्यता आहे म्हणजे आहे, असंच धरायचं." त्यांनी चष्मा परत लावला आणि पकड माझ्या हातातून घेतली. "तुम्ही शेताकडे जा. तिकडे कोणी पुढे येता कामा नये."

परत आल्यावर ते भाऊंना फक्त एवढंच म्हणाले की पकडीचं काम तुम्ही करा, हँडल नंतर मी घेतो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की मॅडमनं ऐनवेळी पाय मागे घेतला. मला त्यांना सांगावंसं वाटलं. पण जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते गेटवर, चौकीदारासमोर कसं सांगणार? मी मीटर उचललं आणि शेताकडे गेले.

धुऱ्यावर उभी राहून भिंतीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. म्हणून जिथवर जाणं सुरक्षित होतं तिथवर पुढे गेले आणि मीटर कानाजवळ धरलं. ती शेतवाली बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"का होऊन राह्यलं आता?"

"एक माणूस आत गेला असेल."

टकटक एकदम थोडी खाली आली. एक पिशवी पडली. मग आणखी खाली. मग अजून. मग बराच वेळ काही बदललं नाही. साहेब परत आले असतील, मी मनात म्हटलं. आता भाऊ. भाऊ निघाले असतील. पोचले असतील. वाकले असतील. मला त्यांच्या दोन मुली दिसायला लागल्या. धाकटी दहावीला होती. आवाज तसाच चालू होता, ना वर ना खाली.

मग मीटर एकदम वर गेलं. टकटक एकात एक मिसळून नुसती घरघर झाली. बाई दचकून मागे सरकली. मला मात्र कळलं की दाणा पिशव्यांखालून बाहेर आला आहे, म्हणजे चाललाय, चेपलेली जागा ओलांडून पेटीकडे चाललाय. थांबला तर? तो मधेच थांबला तर पुन्हा सगळं. घरघर सुरूच होती. आणि मग ती तुटली. एक ठोका. काही नाही. एक ठोका.

मी मातीत बसले, कापसाच्या झाडात.

"झालं का?" बाईनं विचारलं.

"झालं. आत गेला."

तिनं बाकीच्या बायांना हाक मारली आणि त्या पुन्हा भिंतीकडच्या तासात गेल्या. जाता जाता ती म्हणाली, "पुढच्या टायमाले आधी येऊन सांगत जा."

गेटवर भाऊ फरशीवर बसून पाणी पीत होते. त्यांचं पेन साहेबांनी पाहिलं, स्वतःचं पाहिलं. दोन्ही मर्यादेच्या बरेच आत होते. छातीवरचे बॅज, ज्यांवर महिनाभराची किरणं नोंदली जातात, त्याच दिवशी तपासणीला पाठवायचे ठरले. मी भाऊंना म्हटलं, "बरं झालं." ते म्हणाले, "हो," आणि बाटलीचं झाकण लावत राहिले.

कॅमेरा गाडीनं अमरावतीला गेला. मी एकटीच अकोल्याहून रेल्वेनं निघाले. जागा असूनही बसले नाही. मूर्तिजापूर गेलं, तिथे माणसं उतरली चढली, मी दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत करत होते. बडनेऱ्याला नवरा मोटरसायकल घेऊन आला होता. घरी न जाता मी त्याला स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबवलं आणि सगळं सांगितलं, आधी नळीचं, मग दुसरं.

त्याचा चहा निवत गेला.

"म्हणजे साहेबाले पयले सांगतलं तू," तो म्हणाला. "मले नाही."

"सांगावं लागलं. मला आत पाठवत होते."

"ते समजते मले." पण त्याला ते लागलं होतं. मोटरसायकल चालू करताना त्यानं मागे वळून विचारलं, "मंग हाय का?" मी म्हटलं, "पाह्यलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. पट्टीवर दोन रेघा होत्या. मी ती त्याच्या हातात दिली. तो रेल्वेत ड्युटीवर न्यायचा जेवणाचा डबा भरत होता, पोळी हातात तशीच राहिली. सासूबाई देवपूजेत होत्या, त्यांना लगेच सांगू या असं तो म्हणाला आणि मी नको म्हटलं. मला बॅजचा निकाल हवा होता.

तो यायला काही आठवडे लागले. त्या काळात मी नीट कुठे टेकले नाही. घरात असले की बाहेर जावंसं वाटायचं, बाहेर गेले की घरी यावंसं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या की तू सांगतेस त्या अंतरावरून काळजीचं कारण मला दिसत नाही. मी त्यांना पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. निकाल आला, त्यात माझ्या बॅजवर नेहमीच्या महिन्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. भाऊंचा आकडा थोडा वर होता, पण मर्यादेच्या खूप आत. त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या रडल्या आणि मग रागावल्या, इतके दिवस लपवलं म्हणून.

कंपनीनं मला अमरावतीच्या ऑफिसात फिल्म वाचायला बसवलं. अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या काचेवर एकेक फिल्म ठेवून आत काय आहे ते लिहायचं. एक दिवस भाऊ अकोल्याच्या फिल्मांचा गठ्ठा घेऊन आले. लवंडलेलं ते कास्टिंग पुन्हा नीट टेकवून त्याचीही फिल्म काढली होती. तिच्यात कडेला मोठी पोकळी होती, काळ्या डागांचा पुंजका. मी ते बाद म्हणून लिहिलं.

भाऊ खुर्चीवर बसले. मग माझ्या पोटाकडे त्यांचं लक्ष गेलं. तोवर दिसायला लागलं होतं. ते मनातल्या मनात महिने मोजत असावेत.

"त्या दिवशी हेच होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले वाटलं तुमी भेल्या."

"भ्याले होतेच, भाऊ."

"सांगाचं ना मंग. मी काय कोनाले सांगनार होतो?" त्यांनी काचेवरची फिल्म सरळ केली. "मी पन घरी त्या दिवसाचं नाई सांगतलं अजून. बायको म्हनन, सोड नोकरी. धाकटीची फी कोन भरन मंग." उठताना ते म्हणाले, "तब्येतीले जपा," आणि जिन्यावरून गेले.

मुलगी झाली. चांगली धट्टीकट्टी. पहिल्या वर्षी तिला ताप आला की मी डॉक्टरांना नको ते प्रश्न विचारायची, आणि ते म्हणायचे, ताई, ताप म्हणजे ताप. नवऱ्याला वाटत होतं की मी कायम फिल्माच वाचाव्यात. वर्षभर वाचल्याही. पण त्या खोलीत मला गुदमरायला व्हायचं. दुसऱ्यांनी काढलेल्या सावल्या बघत बसायचं आणि त्या कशा काढल्या, कुठे उभं राहून काढल्या ते माहीत नाही. शेवटी मीच साहेबांना म्हटलं, मला साइटवर पाठवा. ते म्हणाले, घरी विचारलंत का? मी म्हटलं, या वेळी घरीच आधी विचारलंय.

नवरा हो म्हणाला होता, पण मनापासून नाही. अजूनही मी निघाले की तो दारात येत नाही, आत काहीतरी शोधत असतो. मुलगी येते. ती आता बोलायला लागली आहे. कुठे चाललीस म्हणून विचारते, आणि मी गावाचं नाव सांगते, कधी अकोला, कधी धामणगाव.